बंद करून परत चालू

दादाच्या एका सवयीचा मला फार राग यायचा. कॉम्प्युटरवर एखादं काम जमलं, सगळं नीट चालायला लागलं, की तो लगेच यंत्र बंद करायचा आणि परत चालू करायचा. मी म्हणायची, "अरे चालतंय ना, मग कशाला त्याची खोडी काढतोस?" तो म्हणायचा, "हाताने ढकलून चाललं ते काही खरं नाही. बंद करून परत चालू केल्यावर आपणहून उठलं, तर झालं." मग काळ्या पडद्यावरून सरकणाऱ्या पांढऱ्या ओळी बघत तो खुर्चीत रेलून बसायचा, आणि सगळं जागच्या जागी आलं की म्हणायचा, "आता झालं." या दोन शब्दांशिवाय त्याचं कुठलंही काम संपलेलं मी पाहिलं नाही.

दादा माझा थोरला भाऊ. चौलला आमची नारळ-पोफळीची वाडी आहे, तिथेच त्याचं घर. नोकरी जवळच्या शाळेत, विज्ञानाचा मास्तर. मला अलिबागला दिली. मी तिथे एका वकिलांकडे टायपिंग करते, आज इतकी वर्षं. आमच्या दोघांत हुशार तो आणि तापट मी, अशी वाटणी आईने लहानपणीच करून टाकली होती, आणि आम्हीही ती निमूटपणे पाळत आलो.

शाळेने मोडीत काढलेले कॉम्प्युटर तो घरी आणायचा आणि त्यांच्यावर त्याची ती मोकळी सिस्टीम चढवायचा, जिचा सगळा कोड कुणालाही उघडून वाचता येतो, बदलता येतो. मी तिला "तुझं ते फुकटचं" म्हणायची. तो चिडायचा नाही. "तुमच्या ऑफिसातलं यंत्र बिघडलं की माणूस येईपर्यंत तुम्ही माश्या मारत बसता," तो म्हणायचा. "माझं बिघडलं तर मी झाकण काढून आत बघतो."

त्या सिस्टीमला नवीन काही जोडलं, की ते तिला समजावून सांगणारा एक छोटा प्रोग्राम लागतो. प्रिंटर असो, कॅमेरा असो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. बहुतेक सगळे ड्रायव्हर सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आधीच असतात. एखादा नसला तर त्याचा कोड मिळवून, त्या कर्नलच्या मापाचं मॉड्यूल आपल्या हाताने बनवून बसवावं लागतं. दादा पोरांना सांगायचा, आपल्या चौलच्या बंदरात परमुलखातली जहाजं लागायची तेव्हा धक्क्यावर दुभाष्या लागायचा, तसा हा. आणि कर्नल बदलला की मॉड्यूल पुन्हा बनवायचं, कारण नवा सुभेदार जुन्या दुभाष्याला उभं करत नाही. मी हे सगळं ऐकायची आणि सोडून द्यायची. माझा काय संबंध.

मग त्याला तो आजार झाला. आधी हातातून खडू पडायला लागला, मग पायरी चुकायला लागली. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, मज्जातंतूंचा आजार आहे, एकेक स्नायू काम सोडत जाईल, डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहील. हे शेवटचं त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं. त्यात दिलासा कुठला, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

बोलणं अडखळायला लागलं तेव्हाच दादाने पुढची तयारी केली. पुण्याच्या एका माणसाने बनवलेली एक डबी त्याने मागवली, काडेपेटीएवढी. एका तारेने ती त्याच्या लॅपटॉपला जोडायची, आणि दुसऱ्या तारेच्या टोकाची चकती भुवईच्या वर चिकटवायची. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळतात. हवी ती ओळ आली की भुवई उचलायची, मग त्या ओळीतलं हवं ते अक्षर आलं की परत उचलायची. वाक्य पुरं झालं की यंत्र ते मोठ्याने बोलून दाखवतं. त्याचा तो आवाज म्हणजे, काय सांगू, जन्मात मराठी न ऐकलेल्या कुणीतरी मराठी वाचावं तसा. आई पहिल्यांदा ऐकून म्हणाली, "हा कोण मेला घरात आणून ठेवलास?" दादा हसला. तेव्हा त्याला हसता येत होतं.

त्या डबीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नव्हता. बनवणाऱ्याने कोड दिला होता, तेवढाच. दादाची बोटं तोवर आखडली होती, म्हणून मॉड्यूल बनवायला त्याने मला बसवलं. तो जड जिभेने एकेक हुकूम सांगायचा आणि मी टाइप करायची. वकिलांचे अर्ज टाइप करते तसंच. अर्थ कळायलाच पाहिजे असं कुठे आहे. मॉड्यूल बनलं, डबीवरचा हिरवा दिवा लागला, दादाने भुवई उचलली आणि पडद्यावर 'अ' उमटला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर हा म्हणतो, बंद करून परत चालू कर. मी म्हटलं, "तू ना दादा, मरेस्तोवर सुधारणार नाहीस." बोलून गेले मी. वहिनीने माझ्याकडे बघितलं. दादा मात्र परत हसला.

पुढे जीभही गेली. मग तो त्या डबीवरच बोलत राहिला. पाडेल्याला त्या वाकड्या माडावर चढू देऊ नका, पेजेत मीठ जास्त झालंय, तुझ्या वकिलांनी तारीख घेतली की नाही, असं सगळं. बोलायला वेळ लागायचा म्हणून वायफळ काही नसायचं. आयुष्यभर यंत्रं बंद करून परत चालू करणाऱ्या माणसाचं हे यंत्र मात्र आता कधी बंद होत नसे. रात्री नुसता पडदा मिटायचा. ते त्याचं तोंडच होतं ना.

गेल्या पावसाळ्यात समुद्रावरून असा वारा सुटला की वाडीतली एक पोफळ तारांवर कोसळली. वीज गेली ती गेलीच. आधी इन्व्हर्टर संपला, मग यंत्राची बॅटरी. वीज परत आल्यावर वहिनीने यंत्र सुरू केलं. पडदा आला, अक्षरांच्या ओळी उजळायला लागल्या, पण डबीवरचा हिरवा दिवा काही लागला नाही. दादा भुवई उचलत राहिला आणि पडद्यावर काहीच उमटेना. वहिनीने मला फोन केला. मी स्कूटर काढली आणि भर पावसात चौल गाठलं.

आणि इथे आम्ही किनाऱ्यावरची माणसं वागतो तसेच वागलो. आमच्याकडे काहीही बंद पडलं तरी निदान एकच, खारं वारं. फ्रिजचं बिजागर, विहिरीवरचा पंप, गॅसची शेगडी, भिंतीवरचं घड्याळ, सगळं मिठानेच मरतं असं आम्ही धरून चालतो, आणि शंभरातल्या नव्वद वेळा ते खरंही असतं. रेडिओ कापडात गुंडाळून ठेवणारी, कपाटात बल्ब लावून ठेवणारी माणसं आम्ही. डबीची यंत्राकडची तार काढून बघितली तर तिच्या टोकाला हिरवा गंज. मी म्हटलं, हे बघ, सापडलं.

पहिल्या दिवशी मी ते टोक खोडरबराने घासलं. मग स्पिरिटने पुसलं. डबी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. काही झालं नाही तेव्हा रेवदंड्याच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने यंत्राचं झाकण काढलं आणि मान हलवली. "ताय, मिठानं खाल्लंय ह्याला. दुसरं काय न्हाय." त्याने तार नवी घातली, ती जोडायचं खोबणही बदललं. दिवा लागला नाही. तो म्हणाला, मग मीठ आत डबीत गेलं असणार, अलिबागहून पार्ट मागवतो. आम्ही मान डोलावली. तो हिरवा गंज आमच्या घरातल्या प्रत्येक यंत्रात आहे आणि त्यातली निम्मी यंत्रं सुखाने चालतात, हे तेव्हा कुणाला सुचेल तर शपथ.

या सगळ्या दिवसांत दादा पलंगावर उशीला टेकून आमच्याकडे बघत होता. डबी नसताना त्याच्याशी बोलायची आमची एक खूण होती. डोळे मिटले म्हणजे हो, वर बघितलं म्हणजे नाही. दुरुस्तीवाला मिठाचं सांगत होता तेव्हा दादा वर बघत होता. मी तार घासत होते तेव्हाही वरच. आई म्हणाली, "सारखा वर का बघतोय गं? छत गळतंय वाटतं." मी स्टूल घेतलं आणि वर चढून छत चाचपलं. कोरडं होतं. मी छत चाचपत होते आणि तो माझ्याकडे बघत होता. ते आठवलं की आजही मला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात. त्याला काय झालंय ते माहीत होतं. पण सांगायचं ज्यातून, तेच बंद पडलं होतं.

एरवी डबी चार दिवस नसती तरी निभावलं असतं. पण त्याच आठवड्यात डॉक्टर घरी येऊन गेले. दादाचा श्वास उथळ झाला होता. अंगणात उभं राहून त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं, घशाला भोक पाडून नळी घालता येईल, त्या नळीला श्वासाचं यंत्र. मग ते कायमचं, आणि ते असेल तर तो आणखी काही वर्षं राहू शकेल, पण आजार वाढतच जाणार, उद्या भुवईही जाईल. नळी नको असेल तर घरीच ठेवू, औषधांनी त्रास कमी करू, पण मग फार दिवस नाहीत. "हे त्यांनी ठरवायचं," डॉक्टर म्हणाले. "त्यांना विचारा. पनवेलला सोमवारची खाट मी धरून ठेवतो. आणि ठरवा नक्की, कारण एकदम श्वास अडकला आणि तुम्ही धावपळीत नेलंत, तर तिथे कुणी विचारत बसणार नाही. सरळ नळी घालतील."

मग ते आत आले आणि दादाला त्यांनी सरळ विचारलं, नळी घालूया का. दादाने डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. "हो म्हणाला," मी म्हटलं. आई म्हणाली, "हो म्हणाला." वहिनी म्हणाली, "ते रडतायत. रडताना डोळे मिटणारच."

तेव्हा आईने दुसरा उपाय काढला. ती पलंगाशी बसून क, ख, ग म्हणायला लागली. हवं ते अक्षर आलं की त्याने डोळे मिटायचे. फार दमवणारं होतं ते. एका अक्षराला त्याला धाप लागायची, मध्येच डोळा लागायचा. संध्याकाळपर्यंत एकच शब्द झाला, नळी. "झालं," आई म्हणाली, "नळी म्हणतोय तो." आणि उठून ती देवापुढे निरांजन लावायला गेली. मीही नवऱ्याला फोन करून सांगितलं की सोमवारी गाडी लागेल.

वहिनी दादाच्या उशाशी त्याचं डोकं धरून बसली होती. ती म्हणाली, "आई उठल्यावर त्यांनी वर बघितलं. मी बघितलंय."

"तुला भास झाला," मी म्हटलं.

इथे स्पष्टच सांगते. मला दादा हवा होता. कसाही. नळी लावून, यंत्र लावून, भुवई हलो न हलो, तो त्या पलंगावर असायला हवा होता आणि मी शनिवारी स्कूटर लावून आत गेले की माझ्याकडे बघायला हवा होता. आईचंही तेच. आम्ही दोघी त्याचे शब्द पुरे करत होतो, कारण ते कसे पुरे व्हावेत हे आमचं आधीच ठरलं होतं.

वहिनी माझ्याशी अगंतुगंच बोलते, एका वयाच्या आहोत आम्ही. फक्त फार संतापली की ती मला वन्सं म्हणते. रविवारी सकाळी मी गेले तेव्हा ती ओट्याशी उभी होती. "वन्सं," ती म्हणाली, "उद्या सही मी करायची आहे. ह्यांच्या तोंडचं ऐकल्याशिवाय मी ती करणार नाही. अर्धा शब्द नको, अख्खं वाक्य पाहिजे. ते यंत्र चालू करा."

"मी टायपिस्ट आहे, वहिनी. इंजिनिअर नाही."

"बसवताना तुम्हीच टाइप केलं होतंत ना? मग मी दुसऱ्या कुणाला सांगू?"

माझं डोकंच फिरलं. मी तरातरा आत गेले, खुर्ची ओढली आणि दादाच्या समोर बसले. भांडायलाच बसले होते म्हणा ना. "काय झालंय त्याला?" मी विचारलं. "मीठ लागलंय ना?"

त्याने वर बघितलं.

"तार?" वर. "डबी मोडली?" वर. मी एकेक विचारत गेले आणि तो वर बघत राहिला, आणि मग मला ते छत आठवलं. आठवडाभराची त्याची ती नजर आठवली. मी हळू विचारलं, "वस्तू सगळ्या ठीक आहेत?" त्याने डोळे मिटले. "मग आतलं काही? आपण बसवलं होतं ते मॉड्यूल?"

त्याने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

सगळं असं झालं होतं. यंत्र महिनोन्‌महिने बंदच झालं नव्हतं. मधल्या काळात नवा कर्नल इंटरनेटवरून गुपचूप येऊन बसला होता, आणि यंत्र बंद होऊन परत चालू होईपर्यंत तो कारभार हातात घेत नाही. वीज गेली, बॅटरी संपली, आणि यंत्र उठलं ते नव्या कर्नलवर. त्याच्यापाशी आमचं मॉड्यूल नव्हतं. सुरू करताना जुना कर्नल निवडता येतो असं दादा पूर्वी बोलल्याचं आठवलं, म्हणून मी तेही बघितलं. पण आम्ही तारा घासत बसलो होतो त्या दिवसांत यंत्राने जागा मोकळी करायला जुना साफ करून टाकला होता. मीठ बिचारं कुठेच नव्हतं.

मॉड्यूल नव्याने बनवायचं तर नव्या कर्नलच्या काही फायली इंटरनेटवरून उतरवाव्या लागणार होत्या. घरातल्या इंटरनेटची तार त्या वाऱ्यात तुटली ती अजून जोडलेली नव्हती, आणि मोबाइलची रेंज आमच्या घरात येत नाही, येते ती विहिरीपाशी. मी लॅपटॉप छातीशी धरून विहिरीवर गेले, वहिनी वर छत्री धरून उभी. फायली उतरल्यावर आत येऊन दादाच्या पुढ्यात बसले. आश्चर्य म्हणजे हुकूम मला आठवत नव्हते, पण बोटांना आठवत होते. टायपिस्टची बोटं तशीच असतात. जिथे अडेल तिथे मी दादाकडे बघायची, दोन-तीन पर्याय म्हणून दाखवायची, आणि तो डोळे मिटेल तो घालायची.

पण मॉड्यूल बनेना. मध्येच थांबून पडद्यावर लाल अक्षरं आली. मी मोठ्याने वाचलं. कोर्टातलं इंग्रजी माझं बरं आहे, मला एवढं कळलं की एका ठिकाणी एका कामाला जास्त गोष्टी दिल्यात, तेवढ्या आता चालत नाहीत. ओळीचा नंबरही त्याने दिला होता. मी कोड उघडला, त्या ओळीवर बोट ठेवलं. कंसात दोन गोष्टी होत्या. म्हणजे जुन्या कर्नलला दोन द्याव्या लागायच्या, नव्याला एकच पुरे. मी दुसरीवर बोट ठेवलं, "ही काढू?" दादा वर. पहिलीवर ठेवलं, "ही?" त्याने डोळे मिटले. मी ती खोडली आणि पुन्हा हुकूम दिला. या वेळी लाल काही आलं नाही. मॉड्यूल बनलं. मी ते हाताने आत घातलं, आणि डबीवर हिरवा दिवा लागला.

आई हातातली कोथिंबीर तशीच घेऊन दारात आली. वहिनीने ओल्या टॉवेलने दादाचं कपाळ पुसलं आणि चकती लावली. ओळी उजळायला लागल्या. दादा भुवई उचलायचा ती आता जेमतेम हलायची, एक सुरकुती पडल्यासारखी. न आला. मग ळी. आई म्हणाली, "नळी, बघ, मी म्हटलं होतं..."

"आई, थांबा," वहिनी म्हणाली. "त्यांना पुरं करू दे."

आम्ही थांबलो. ओळी वरून खाली जात राहिल्या. परत न. मग को. तो क्षणभर थांबला, आणि यंत्राने आपल्या त्या परक्या आवाजात सांगितलं, "नळी नको."

आईने दाराची चौकट धरली. मी दादाकडे बघितलंच नाही, वहिनीकडे वळले आणि भराभरा बोलायला लागले. "चुकून लागलं असेल ते. मॉड्यूल नवीन आहे. मी आतला एक शब्द काढलाय, माहितेय का तुला? त्यानेच काहीतरी गडबड झाली असेल. भुवई एकदा हलते आणि ते दोनदा धरतं, असं होतं." असं काही होत नाही. मला तेवढं कळत होतं. पण सोमवारची गाडी मी सांगून ठेवली होती.

मागे ओळी परत उजळायला लागल्या होत्या. ब. मग त्यावर अनुस्वार. मग द. पुढचं मला लगेच कळलं, पण वहिनी बघत होती म्हणून मी गप्प राहिले, आणि पुरं वाक्य येईपर्यंत आम्ही तिघी उभ्या राहिलो.

"बंद करून परत चालू कर."

"नको दादा," मी म्हटलं. "आता कुठे चालतंय. परत उठलं नाही तर?"

तो माझ्याकडे बघत राहिला. आणि मला एकदम कळलं की तो काय बघतोय. मी मॉड्यूल हाताने ढकलून आत घातलं होतं. ते कायमचं जागेवर बसवायचे हुकूम अजून दिलेच नव्हते. आता यंत्र बंद केलं असतं तर उठताना ते मॉड्यूल आलं नसतं, दिवा लागला नसता. मी म्हणाले असते, बघा, सांगत होते ना मी, गडबड आहे त्यात. आई माझ्या बाजूने बोलली असती. वहिनी एकटी किती ताणून धरणार? उद्या सकाळी आम्ही पनवेलला असतो. यातलं घरात दुसऱ्या कुणालाही काही कळलं नसतं. त्या खोलीत हे दोघांनाच माहीत होतं, मला आणि त्याला. आणि तो काही बोलला नाही. भुवईसुद्धा हलवली नाही. नुसता बघत राहिला.

माझे हात बंदच्या बटणापर्यंत गेले होते, हे मी इथे लिहून ठेवते. तिथून ते परत कीबोर्डवर आले. मॉड्यूल जागेवर ठेवायचा हुकूम दिला. उठताना यंत्राने कुणाकुणाला आठवणीने बोलवायचं ते ज्या फायलीत असतं, तिच्यात त्याचं नाव टाकलं. दादाकडे बघून विचारलं, "बरोबर?" त्याने डोळे मिटले. मग मी यंत्र बंद केलं.

पडदा काळा झाला. चालू केल्यावर त्याच्या आवडीच्या त्या पांढऱ्या ओळी सरकायला लागल्या. डबी काळीच होती. मी देवाला काय मागत होते ते मला सांगता येणार नाही, कारण मी दोन्ही मागत होते. ओळी संपल्या, अक्षरांचा तक्ता आला, आणि कुणी हात न लावता हिरवा दिवा लागला.

दादाने घाई केली नाही. मध्ये त्याला धाप लागली तेव्हा तो थांबला, वहिनीने त्याची मान सावरली, आणि मग तो पुढे गेला. त्या आवाजाने पुन्हा तेच दोन शब्द सांगितले, तसेच, तेवढ्याच स्पष्ट. या वेळी मी काही म्हटलं नाही. आई पलंगाच्या कडेला बसली आणि त्याचा पाय दाबायला लागली.

ओळी अजून चालूच होत्या. मला वाटलं तो विसावला असेल. पण तो लिहीत होता.

"आता झालं."

मला रडू फुटलं आणि त्याचा भयंकर रागही आला. तो राग आजही जात नाही. कोथिंबीर जमिनीवर पडली होती, ती मी गोळा केली. वहिनी फोन घेऊन विहिरीपाशी गेली, आणि उद्या आम्ही येत नाही असं तिने डॉक्टरांना सांगितलं.